थंडीतली पाणीपाळी आणि आपले हृदय



ऊस विकास खात्याच्या माणसाने लागण, खत, पाणी यांवर लिहावे, हृदयावर कशाला, असे कुणी म्हणेल. पण मागच्या पौषात माझ्या गटातले एक सभासद रात्रीच्या पाळीला मोटार चालू करायला गेले, ते सकाळी बांधावरच सापडले. वय पंचावन्न. बॅटरी हातात तशीच. गाव म्हणाले, पान लागले असेल. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका, थंडीचे निमित्त. तेव्हापासून मी या विषयाची विचारपूस करू लागलो.

आपल्याला पाइपलाइनचे गणित लगेच कळते. मोटार तीच, पण पुढचा व्हॉल्व्ह निम्मा बंद केला की पाइपात दाब वाढतो. अंगाला गारवा लागला की कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या अशाच आखडतात. शरीर आपली ऊब आत राखू पाहते. त्याने रक्तदाब चढतो, हृदयाला जोर लावावा लागतो. त्यात थंडीत रक्त जरा दाट होते, गुठळी होण्याचा संभव वाढतो. तहान लागत नाही म्हणून आपण पाणीही कमी पितो. ज्याच्या रक्तवाहिन्यांत आधीच चरबी साचली आहे त्याने गोधडीतून उठून तडक गार पाण्यात उतरावे, दारे धरावे, म्हणजे हृदयाची परीक्षाच.

आपल्याकडे कुठे काश्मीरची थंडी, असे कुणी म्हणेल. चूक होते ती इथेच. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने १३ देशांतील ३८४ ठिकाणच्या सुमारे ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा हिशेब छापला. शंभरात सातांहून अधिक मृत्यू थंडीच्या खाती निघाले, उष्णतेच्या खाती अर्धासुद्धा नाही. आणि त्यातले बहुतेक कडाक्याच्या नव्हे, साध्याच थंडीचे. भारतातील २००१ ते २०१३ या काळातील मृत्यूंचा अभ्यास २०१८ साली आला, त्यातही हीच मध्यम थंडी पुढे होती. संभाजीनगरकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास येतो. उन्हाळ्यात आपण डोक्याला उपरणे गुंडाळतो, थंडीला मात्र हसतो.

आता माझ्या खात्याचे बोलतो. १५ अंशांखाली उसाची वाढ जवळजवळ थांबते. हिवाळ्यात दोन पाण्यांत १८ ते २० दिवसांचे अंतर चालते, भारी काळ्या रानात तर नक्कीच. तेव्हा शेजाऱ्याचे भिजले म्हणून आपण रात्री दोनला उठायचे कारण नाही. दिवसाच्या विजेचा आठवडा येईपर्यंत उभा ऊस वाळत नाही, हे मी लिहून देतो. सुरू लागणीची आंबवणी तेवढी थांबत नाही. तिला घरातला तरणा माणूस जाऊ द्या, आणि एकटा नको.

जावेच लागले तर कानटोपी, मफलर, पायात गमबूट हवा. रक्तदाबाची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून सोडू नका; थंडीत दाब वाढतो, तेव्हा एकदा तपासून घ्या. घोटभर घेतली की ऊब येते म्हणतात, ते खोटे. दारूने कातडीकडे रक्त येते म्हणून गरम वाटते, आतली ऊब मात्र निघून जाते. बिडीने तर रक्तवाहिन्या आणखी आखडतात.

छातीत दडपण, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, गार घाम, दम, यांतले काही दिसले तर "गॅस झालाय" म्हणून ओवा चघळत बसू नका. १०८ ला फोन लावा. माणसाला चालवू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून तर नेऊच नका.

आपल्या फडातले तोडणी मजूरही पहाटे चारला कोयता हाती घेतात. त्यांच्या मुकादमाला हे वाचून दाखवा. आणि कोपीत शेगडी पेटती ठेवून, झापा लावून कुणी झोपू नये म्हणावे. त्या कोंडलेल्या निखाऱ्यांच्या वायूने माणूस झोपेतच जातो.