सुटे भाग थेट उत्पादकाकडून : बचत कितपत, जबाबदारी कुणाची?

लग्नसराई तोंडावर आलेली असते. भरतकामाच्या कारखान्यात डिझाइन बनविणारा संगणक एकाएकी बंद पडतो. कारागीर हातावर हात ठेवून बसतात आणि गिऱ्हाइकाचे निरोपावर निरोप येऊ लागतात. मालक घाईघाईने बाजारात जातो, सांगेल ती किंमत मोजून एखादा भाग आणतो, आणि पंधरा दिवसांत तोही बंद पडतो. दुकानदार म्हणतो, "गॅरंटी कंपनीची." कंपनी म्हणते, "बिल दाखवा." बिल तर घेतलेलेच नसते!

छापखाना असो, उर्दू-मराठी टाइपसेटिंगचे दुकान असो, शिवणकामाचा कारखाना असो की साधे किराणा दुकान, आज संगणकावाचून कुणाचेच चालत नाही. म्हणून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मधला दुकानदार टाळून सुटे भाग थेट उत्पादकाकडूनच का घेऊ नयेत? प्रश्न रास्त आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वी हिशेब नीट मांडला पाहिजे.

थेट विक्रीची सुरुवात

ही कल्पना नवी नाही. १९८४ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात मायकेल डेल हा विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीतून संगणकांची क्षमता वाढवून ते थेट गिऱ्हाइकाला विकू लागला. मधल्या विक्रेत्याचा नफा वाचला, माल स्वस्त पडला आणि त्यातूनच पुढे डेल ही कंपनी उभी राहिली. १९९६ साली मायक्रॉन या मेमरी बनविणाऱ्या कंपनीने 'क्रूशियल' नावाने रॅम थेट ग्राहकाला विकण्यास आरंभ केला. आपल्या संगणकाचे मॉडेल सांगावे आणि त्याला चालणारी रॅम कंपनीनेच दाखवावी, अशी ही सोय होती. अनेक वर्षे लोकांना तिचा लाभ झाला.

परंतु डिसेंबर २०२५ मध्ये याच मायक्रॉनने क्रूशियलचा ग्राहक-व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली आणि फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंतच माल पुरविला जाईल असे सांगितले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड डेटा सेंटरांना मेमरी हवी आहे, आणि कंपनीला त्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे लक्ष द्यायचे आहे. विकलेल्या मालाची वॉरंटी आपण पाळू, असे कंपनीने सांगितले. यातून व्यापाऱ्याने एक धडा घ्यावा. मोठा उत्पादक लहान गिऱ्हाइकाला आपल्या सोयीपुरतेच जवळ करतो.

उत्पादक म्हणजे नेमका कोण?

डब्यावर ज्याचे नाव तो उत्पादक, असा आपला समज असतो. तो नेहमी खरा नसतो. जगातील बहुतेक रॅम-चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवितात. बाकीचे अनेक ब्रँड त्यांच्याकडून चिप घेऊन पट्टी जोडतात. हार्डडिस्क बनविणाऱ्याही सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच कंपन्या उरल्या आहेत. म्हणून प्रत्येक ब्रँड वेगळा कारखाना समजून भावाची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. वॉरंटी कोण देतो आणि भारतात ती कोण पाळतो, हे पाहावे.

इंटरनेटवरील मोठ्या बाजारातही हीच गफलत होते. तेथे विकणारा बहुधा तिसराच कुणी व्यापारी असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखविणे बंधनकारक आहे. पैसे भरण्यापूर्वी ते वाचावे. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किंमत छापलेली असावी लागते. हे नसेल, तर तो माल कोणत्या वाटेने आला हे ओळखून घ्यावे.

पक्क्या बिलाचा हिशेब

"बिल नको असेल तर कमी करतो," हे वाक्य प्रत्येक बाजारात ऐकू येते. समजा, एक एसएसडी बिलाविना ४,२०० रुपयांस मिळते. पक्क्या बिलावर मूळ किंमत ४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७२०, म्हणजे एकूण ४,७२०. वरवर पाहता ५२० रुपये जास्त गेले. परंतु आपण जीएसटीमध्ये नोंदणीकृत असाल, भाग धंद्यासाठी घेतला असेल आणि बिलावर आपला क्रमांक टाकला असेल, तर ७२० रुपयांची वजावट मिळते. म्हणजे भाग खऱ्या अर्थाने ४,००० रुपयांना पडला. बिलाविना घेतलेला भाग २०० रुपयांनी महाग आणि वर वॉरंटीही गेली! (आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.)

कंपोझिशन योजनेत असलेल्यांना मात्र ही वजावट मिळत नाही. तरीही बिल घ्यावेच. कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला सहसा संरक्षण नसले, तरी स्वतः राबून पोट भरण्यासाठी जो वस्तू घेतो त्याला 'ग्राहक'च मानले आहे. एकट्याने दुकान चालविणारा टाइपसेटर किंवा कारागीर यात येऊ शकतो. हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मागविण्यापूर्वी हे पाहा

चुकीचा भाग मागवून परत करण्यात जितके दिवस जातात, तितके दिवस काम बंद राहते. म्हणून आधी तपासावे.

रॅम : डीडीआर ३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. एकीची पट्टी दुसरीच्या जागी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. विंडोज ३२-बिटची असेल तर ४ जीबीच्या वर रॅम टाकून उपयोग होत नाही.

एसएसडी : जुन्या संगणकाला साटा जोडणीची लागते, नव्यात एनव्हीएमई चालते. हार्डडिस्कवर चालणाऱ्या संथ संगणकाला एसएसडी लावल्यास जितका फरक पडतो, तितका दुसऱ्या कशानेही पडत नाही.

मदरबोर्ड व वीजपुरवठा : नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांत पुष्कळदा त्यांचीच खास जोडणी असते. येथे बाजारातील सर्वसाधारण भाग चालत नाही. डेलच्या संगणकावर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो, इतरांवर अनुक्रमांक असतो. तो सांगून भाग मागवावा. थेट उत्पादकाकडे जाण्याचा खरा लाभ येथेच आहे.

अॅडॅप्टर : भारतात लॅपटॉपच्या अॅडॅप्टरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपवर तो पडताळता येतो. नकली अॅडॅप्टरने दोन-तीनशे वाचतात, पण मशीन जळू शकते.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते. आपल्या संगणकात ते नसेल, तर त्यावर मोठा खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मग दुकानदाराचे काय?

आपणही कुणाच्या दृष्टीने मधले व्यापारीच आहोत, हे विसरता कामा नये. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार उगीच टिकलेला नाही. तो उधारी देतो, भाग बसवून देतो, बिघडल्यास त्याच दिवशी बदलून देतो. कंपनी पैसे आधी घेते आणि बदलीसाठी आठवडे लावू शकते. शिवाय जुन्या यंत्रांचे भाग कंपनीकडे नसतातच. सोनीने २०११ साली फ्लॉपीची विक्री थांबविली. फ्लॉपीवर चालणारी भरतकामाची जुनी यंत्रे मात्र नंतरही कामात राहिली, आणि फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह लावण्याचे जोडयंत्र बाजारातील जाणकारांनीच बसवून दिले.

म्हणून सरसकट एकच नियम लावू नये. खास जोडणीचा भाग, अॅडॅप्टर, बॅटरी आणि महागडी वस्तू उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावी. काम अडले असेल, यंत्र जुने असेल किंवा बसविणारा हवा असेल, तर ओळखीच्या दुकानदाराकडे जावे. दोन्हीकडे बिल पक्के घ्यावे, आणि भाग बदलण्यापूर्वी आपल्या कामाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. भाग पुन्हा विकत मिळतो, पण वर्षानुवर्षे जमविलेली डिझाइने आणि उधारीचा हिशेब विकत मिळत नाही.

ज्या व्यापारी बंधूंचा संगणकाच्या भागांचाच धंदा आहे, त्यांच्यासाठीही यात सूचना आहे. किमतीत कंपनीशी बरोबरी करता येणार नाही. परंतु खरा माल, स्पष्ट बिल आणि दिलेला शब्द पाळणे, यात आपल्याला कुणी मागे टाकू शकत नाही. गिऱ्हाईक थेट कंपनीकडे जाऊ लागते, ते पुष्कळदा स्वस्ताईसाठी नव्हे, तर विश्वास उडाल्यामुळे.