डेटा दिला, पण ताबा कुणाचा? – डेटा सार्वभौमत्व प्रत्यक्षात कसं चालतं

पीएचडीसाठी विषय शोधताना 'डेटा सार्वभौमत्व' हा शब्द तुमच्यासमोर कधी ना कधी येणारच. शब्द भारदस्त आहे, आणि तो दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. म्हणून आधी अर्थ लावून घेऊ.

पहिला अर्थ देशाचा. देशातला डेटा कुठे साठवायचा, त्यावर कुठला कायदा चालणार? रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच साठवायला सांगितलं, ते याचं उदाहरण. दुसरा अर्थ कंपनीचा. डेटा दुसऱ्याला दिल्यावरही तो कुणी, कशासाठी आणि किती दिवस वापरायचा, हे ठरवण्याचा हक्क देणाऱ्याकडेच राहणं. आज आपण या दुसऱ्या अर्थाबद्दल बोलू. पेपर वाचताना लेखकाने कुठला अर्थ धरलाय, हे सुरुवातीलाच तपासा.

मुळात डेटा द्यावाच का लागतो?

युरोपियन युनियनने २०२३ मध्ये बॅटरीसंबंधी नवा कायदा केला. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथल्या बाजारात येणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. त्यात कार्बनचा हिशेबही येतो. पण ही सगळी माहिती गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे नसते. ती खाणीपासून सेलपर्यंत आणि सेलपासून बाहेरच्या आवरणापर्यंत अनेक पुरवठादारांकडे विखुरलेली असते.

आता समजा, बॅटरीचं ॲल्युमिनियमचं आवरण बनवणारा एक छोटा कारखाना आहे. गिऱ्हाईक विचारतं, 'एका नगामागे किती किलो कार्बन डायऑक्साइड?' एक आकडा दिला तर फारसं बिघडत नाही. पण त्यामागचा तपशील दिला, म्हणजे वीज किती, भंगार किती, भट्टी किती तास, तर समोरचा खरेदी विभाग त्यावरून उत्पादनखर्चाचा अंदाज बांधू शकतो आणि पुढच्या वेळी भाव पाडून मागू शकतो. डेटा दिला नाही तर ऑर्डर जाण्याची भीती, आणि दिला तर घासाघीस करायची ताकद जाण्याची भीती! खरा प्रश्न हा आहे. चाकणहून युरोपला सुटे भाग पाठवणाऱ्या कारखान्यालाही तो चुकणार नाही.

डेटा स्पेस म्हणजे काय?

यावर उपाय म्हणून जर्मनीतल्या फ्राउनहोफर संशोधन संस्थेने २०१५ च्या सुमारास एक कल्पना पुढे आणली. सगळ्यांचा डेटा एका मोठ्या गोदामात ओतायचाच नाही. तो ज्याचा त्याच्याकडे राहील आणि गरजेपुरता थेट समोरच्याकडे जाईल. २०१६ मध्ये यासाठी संघटना उभी राहिली. आज ती इंटरनॅशनल डेटा स्पेसेस या नावाने ओळखली जाते. २०२१ मध्ये वाहन उद्योगाने याच विचारावर कॅटेना-एक्स सुरू केलं. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ, बॉश, सॅप अशी मंडळी त्यात आहेत.

काम साधारण असं चालतं. प्रत्येक कंपनीकडे 'कनेक्टर' नावाचं सॉफ्टवेअर असतं.

१. देणारा आपल्या कॅटलॉगमध्ये 'माझ्याकडे अमुक डेटा आहे' एवढंच दाखवतो. सोबत वापराच्या अटी असतात. त्या यंत्राला वाचता येतील अशा भाषेत लिहितात. डब्ल्यूथ्रीसीने २०१८ मध्ये प्रमाणित केलेली ओडीआरएल ही तशी भाषा.
२. घेणाऱ्याचा कनेक्टर आपली ओळख सिद्ध करतो आणि अटी मान्य असल्याचं कळवतो.
३. दोन्हीकडे कराराची नोंद होते.
४. मग डेटा जातो.

माग काढण्याच्या कामात कॅटेना-एक्स आणखी एक पथ्य पाळतं: साखळीत एक पायरी वर आणि एक पायरी खाली, एवढंच दिसायचं. तुमच्या गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकाला तुमचा डेटा थेट दिसत नाही.

आता खरी मेख

परीक्षेआधी तुम्ही मित्राला नोट्सची वही दिलीत. कुणाला द्यायची, हे तुमच्या हातात होतं. पण त्याने झेरॉक्स काढून पुढे किती जणांना वाटल्या, हे तुमच्या हातात आहे का? पहिल्या गोष्टीला प्रवेश नियंत्रण म्हणतात, दुसरीला वापर नियंत्रण. जेहाँग पार्क आणि रवी संधू यांनी २००४ मध्ये वापर नियंत्रणाचं एक नीट मॉडेल मांडलं. या क्षेत्रात उतरायचं तर तो पेपर वाचाच.

आता तीन अटी तपासून बघू.

'फक्त नेटवर्कच्या सदस्यालाच डेटा द्या.' ही अट देणाऱ्याचा कनेक्टर स्वतः तपासतो. पुरावाही मिळतो. म्हणजे हे काम तंत्रज्ञानाने होतं.

'३० दिवसांनी वापर बंद.' एकतीसाव्या दिवशी नवीन डेटा मिळणार नाही, हे खरं. पण आधी उतरवून घेतलेली फाइल? ती तिथेच आहे. अट अर्धीच पाळली गेली.

'कार्बनच्या हिशेबासाठी वापरा, भाव ठरवायला नको.' ही अट लिहिता येते, त्यावर दोघांची मान्यता नोंदवता येते. पण खरेदी विभागातल्या माणसाने तो आकडा स्वतःच्या एक्सेलमध्ये टाकला, तर कुठलाही कनेक्टर त्याला अडवू शकत नाही. इथे करार, तपासणी आणि कायदाच कामाला येतो.

घेणाऱ्याच्या बाजूलाही लगाम घालायचे प्रयत्न झालेत. फ्राउनहोफरच्याच संस्थांनी ल्यूकॉन आणि मायडेटा ही तंत्रं त्यासाठी बनवली. दुसरा मार्ग म्हणजे डेटा पाठवायचाच नाही, गणित देणाऱ्याकडेच चालवायचं आणि फक्त उत्तर बाहेर द्यायचं. पण हा सगळा डोलारा छोट्या कारखान्याला झेपला पाहिजे ना!

कायद्याची बाजूही बघा. युरोपचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. डेटाबाबत एका कंपनीने दुसरीवर एकतर्फी लादलेली अन्यायकारक अट बंधनकारक राहत नाही, असं तो म्हणतो. कारण 'अटी मान्य' या बटणाला अर्थ तेव्हाच, जेव्हा 'मान्य नाही' म्हणायची सोय असते.

मग तुम्ही काय करायचं?

थोडक्यात, 'विश्वास' ही एकसंध वस्तू नाही. त्याचा काही भाग सॉफ्टवेअर सांभाळतं, काही करार आणि काही कायदा. कुठला भाग कुणाकडे, हे स्पष्ट न सांगता 'आमची प्रणाली डेटा सार्वभौमत्व देते' असं कुणी लिहिलं, तर सावध व्हा.

एक सोपा सराव सांगते. या विषयावरचा कुठलाही एक पेपर घ्या आणि चार रकान्यांचा तक्ता आखा: अट कोणती, ती कोण पाळायला लावतं, कधी, आणि पाळली गेल्याचा पुरावा काय. हाताने काम करून बघायचं असेल तर एक्लिप्स डेटास्पेस कॉम्पोनंट्स हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. दोन कनेक्टर आपल्याच लॅपटॉपवर चालवा आणि एक अट मुद्दाम मोडून बघा. कोण अडवतं, आणि कुठे कुणीच अडवत नाही?

तक्त्यातला जो रकाना रिकामा राहील, तिथे तुमचा संशोधनाचा प्रश्न असण्याची शक्यता बरीच आहे.