पहिला घाणा

गेल्या दिवाळीत आई आमच्याकडे होती. रोज सकाळी सव्वानऊला मी लॅपटॉपसमोर ‘काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय’ हे सांगताना ऐकून तिनं विचारलं, “अरे, तुला अजून हजेरी द्यावी लागते?” म्हटलं, आई, ह्याला स्टँड-अप म्हणतात. ही अजाइल पद्धत. ती चकल्या करत होती, म्हणून चकलीवरूनच सांगितलं.

भाजणी आधी ठरवावी लागते. तांदूळ किती, डाळी किती. एकदा दळून आली की मागे फिरता येत नाही. आमच्याकडे ह्याला वॉटरफॉल म्हणतात: आधी गरजा लिहायच्या, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी. पण पीठ भिजवल्यावर आई पहिला घाणा तळून बघते. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त, कडक झाली तर कमी. त्याप्रमाणे ती पीठ सारखं करते. हे अजाइल.

वॉटरफॉलचं खापर विन्स्टन रॉइस ह्यांच्या माथी फुटतं. त्यांनी १९७० च्या लेखात पायऱ्यांची आकृती काढली, आणि असं सरळ उतरत जाणं धोक्याचं आहे, काम नवं असेल तर दोनदा करा, हेही तिथंच लिहिलं. म्हणजे पहिला घाणा! लोकांनी आकृतीच तेवढी उचलली. २००१ च्या फेब्रुवारीत यूटामधल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि अजाइलचा जाहीरनामा निघाला. योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं त्यांना मोलाचं वाटलं. पण योजनेलाही मोल आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तोही आम्ही अर्धाच वाचला.

मीसुद्धा. रुग्णाला शिरेतून औषध देणाऱ्या पंपाचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. सगळंच दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये बसवायचा हट्ट माझा. स्क्रीनचं काम छान झालं. नर्सेस यायच्या, बटण लहान आहे म्हणायच्या, पुढच्या खेपेला ते मोठं झालेलं असायचं. पण अलार्मचं कामही मी तसंच चालवलं. धोक्यांची यादी ‘पुढच्या स्प्रिंटला’ ढकलत राहिलो. आठव्या महिन्यात लक्षात आलं, नळीत हवेचा बुडबुडा आला आणि त्याच क्षणी बॅटरीही संपत आली, तर आधी कोणता अलार्म वाजवायचा हे कुणी ठरवलेलंच नाही. तीन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. आमची एक टेस्टर दुसऱ्या महिन्यापासून हेच सांगत होती. मी ते ‘अडलंय’खाली लिहून घ्यायचो आणि पुढच्या माणसाकडे वळायचो. तोवर ती नोकरी सोडून गेली होती.

आता कामाच्या प्रत्येक भागाला वेगळं विचारतो: हे नंतर बदलणं किती महाग पडेल, आणि चुकलं तर कुणाला भोगावं लागेल? अलार्म कागदावर आधी, स्क्रीन घाण्याघाण्यानं. शिवाय ग्राहक दर पंधरवड्याला भेटणार नसेल, तर अजाइलचं नुसतं नाव घेऊन उपयोग नाही.

मंडळाच्या तिकिटांच्या वेबसाइटला ह्यातलं काहीच लागलं नाही. तिघे स्वयंसेवक, वेळ मिळेल तेव्हा काम करणारे. स्प्रिंट कसले घेता? ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’ अशा तीन रकान्यांत चिठ्ठ्या लावल्या. हा टोयोटाच्या कारखान्यातून आलेला कानबान. पैसे भरण्याचा भाग मात्र आधी नीट लिहून, तपासून घेतला. बटाटेवड्यांच्या ऑर्डरचं पान अजून ‘चालू’खालीच आहे.