हार घालायच्या आधीची फ्रेम

कापसाची वेचणी चालू आहे, तुरीच्या शेंगा भरत आल्या आहेत, हातातलं काम काही सुटत नाही. हात चालू द्या, कान फक्त इकडे असू द्या. आज आपण बोलणार आहोत नाताळाच्या भेटीबद्दल. भेट घरातल्या पुरुषासाठी आणि तीही भिंतीवर लावायची.

मागच्या मंगळवारी आमच्या गटाची बैठक झाली. बचत जमा झाली, हप्ते वहीत चढले. वही मिटता मिटता आमची एक ख्रिस्ती ताई म्हणाली, “नाताळ आला. मामाजीले काय द्याव, काही सुचत नाही. मांगच्या वर्षीसारखं नाही झालं पाहिजे बाप्पा.”

मागच्या वर्षी काय झालं ते आम्हाला ठाऊक होतं. तिनं सासऱ्यांचा एकट्याचा फोटो मोठा करून सोनेरी फ्रेममध्ये बसवला होता. चर्चमधून आल्यावर सगळ्यांसमोर तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, “सूनबाई, मले आताच टांगून देता काय?” सगळे हसले. तीही हसली. पण ती फ्रेम कपाटामागं गेली ती अजून तिथंच आहे.

या ताईची चूक काय झाली? आपापल्या घराच्या भिंती डोळ्यांसमोर आणा. देवादिकांची चित्रं आहेत, बाबासाहेबांची तसबीर आहे, कालनिर्णय आहे, लग्नातला जोडीचा फोटो आहे. घरातल्या पुरुषाचा एकट्याचा मोठा फोटो कुठं आहे? जिथं आहे, तिथं त्याला चंदनाचा नाहीतर प्लॅस्टिकचा हार आहे. म्हणजे एकटा माणूस भिंतीवर चढतो तो गेल्यावर. म्हणून म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा एकट्याचा फोटो मिळाला की पोटात धस्स होतं. त्यात आपल्या भावनेचा दोष नसतो. भिंतीची सवयच तशी पडली आहे.

ही सवय फार जुनी नाही, बरं का. रंगीत चित्र गरिबाच्या भिंतीवर आलं ते छापखान्यामुळं. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. मग कॅलेंडर आलं, मग फोटो स्टुडिओ आला. देव, पुढारी आणि गेलेली माणसं, अशी भिंतीची वाटणी होऊन गेली. जिवंत बाप, नवरा, भाऊ यांच्या वाट्याला आली ती खुंटी, सदरा अडकवायला.

म्हणून आमचं पहिलं सांगणं. त्याचा चेहरा टांगू नका, त्याचं आयुष्य टांगा. त्यानं हातानं केलेलं काम, पाहिलेला गाव, जवळची माणसं. आणि ते तो डोळ्यांनी पाहू शकतो तोवर टांगा.

हे ठरवायचं कसं? आठवडाभर फक्त ऐका. तो कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो? ज्या गोष्टीला आपण “झालं यांचं सुरू” म्हणतो, तीच बहुतेक वेळा भिंतीवर जायच्या लायकीची असते. कोणाची बैलजोडी असते, कोणाची संत्र्याची बाग, कोणाची तरुणपणी केलेली गाविलगडाची चढण. दुकानात मात्र आपल्याला सात पांढरे घोडे दिसतात, धबधबा दिसतो, बर्फाचा डोंगर दिसतो. चित्र वाईट नसतं. पण आपल्या माणसाचं त्या बर्फाशी काय नातं? आपल्याला आवडलं म्हणून घेतलेलं चित्र ही आपण स्वतःलाच दिलेली भेट असते.

आमच्या ताईला आम्ही हेच विचारलं. ती लगेच म्हणाली, “दुसरं काय सांगतात? शकुंतलाच सांगतात.” तिचे सासरे रेल्वेत गँगमन होते. अचलपूर ते मूर्तिजापूर 76 किलोमीटरचा तो अडीच फुटी रूळ त्यांनी पायाखाली घातलेला. तुमच्यातल्या कितीतरी जणी त्या गाडीनं माहेरी गेल्या असतील. 1921 साली इंग्लंडात मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी 1994 पर्यंत ओढत होतं. मग डिझेलचं आलं. आता गाडीच धावत नाही. आपल्यासाठी ती आठवण आहे. त्या माणसासाठी ती उभी नोकरी आहे.

ताईनं घरी जाऊन ट्रंक उघडली. लग्नाच्या पत्रिकांखाली एक काळापांढरा फोटो निघाला, तळहाताएवढा. रुळाजवळ सहा जण उभे, हातात घण आणि पहार. मामाजी उजवीकडून दुसरे, मिशी काळी. कोपरा वाळवीनं खाल्लेला. आम्ही म्हटलं, बाई, हीच तुझी भेट. यात ते एकटे नाहीत आणि नुसते उभेही नाहीत, कामावर आहेत.

आता असा जुना फोटो मोठा करायचा तर काय करायचं, ते नीट ऐका.

मूळ फोटो फ्रेममध्ये अडकवू नका. तो स्कॅन करून घ्या आणि मूळ प्रत कोरड्या पाकिटात जपून ठेवा. स्कॅन जमत नसेल तर दिवसा, सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलनं फोटो काढा. मोबाइल फोटोच्या बरोबर वर, सपाट धरा. दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होऊन जातो आणि छापल्यावर फुटतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे आहे तसा जातो. आणखी एक हिशेब. चांगल्या छपाईला दर इंचाला निदान 200 ठिपके लागतात. म्हणजे 8 बाय 12 इंचाचा फोटो हवा असेल, तर मोबाइलमध्ये त्या फोटोच्या माहितीत 1600 बाय 2400 एवढे तरी आकडे दिसले पाहिजेत. कमी असतील तर लहान छापा. लहान पण स्पष्ट फोटो केव्हाही बरा.

सगळ्यांच्याच घरी जुना फोटो नसतो. मग काय? ख्रिस्ती घरांत वचनाची पाटी लावायची चाल आहे. ती द्यायची तर दुकानात टांगलेली पहिली पाटी उचलू नका. तो प्रार्थनेत कोणतं वचन वारंवार म्हणतो ते ऐका, त्याच्याच बायबलमधून शब्द उतरवा आणि रंगवायला देण्याआधी काना-मात्रा दोघींनी तपासा. एकदा रंग बसला की चूक आयुष्यभर डोळ्यांत खुपते. आणि शेजारीण म्हणून आपण भेट नेणार असू तर एवढं लक्षात ठेवा. कॅथलिक घरांत मरिया मातेचं, संतांचं चित्र आनंदानं लावतात. प्रोटेस्टंट घरांत बहुधा तसं नसतं, तिथं वचन बरं. एकोणिसाव्या शतकात आपल्या अचलपुरात, तेव्हाच्या एलिचपुरात, मिशनरी आले. तेव्हापासून ही घरं आपल्या शेजारी आहेत. नाताळाला त्यांच्या करंज्या आणि शंकरपाळे आपण हक्कानं खातो. मग एवढी विचारपूस करायला काय हरकत आहे?

चित्रच द्यायचं असेल तर आपल्या मातीतलं शोधा. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहून काम केलेले चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांनी मरिया मातेला साडी नेसवून चितारलं. वारली चित्रं तर मुळात बायकांनी लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेली. पुढं जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पेरणी, मळणी, नाच असं सगळं त्यात असतं, म्हणून शेतकऱ्याला ते परकं वाटत नाही. आपल्या मेळघाटात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे. आदिवासी कारागिरांचं बांबूकाम तिथं पाहायला मिळतं. सागवानी फ्रेम हवी तर परतवाडा लाकडासाठी जुनं नावाजलेलं आहे, फक्त पावतीचं लाकूड घ्या. आणि यातलं काहीच जमलं नाही तर मुलांना सांगा, आजोबांच्या शेताचं चित्र काढा. विहीर कुठं, आंबा कुठं, धुरा कुठं. तो कागद फ्रेमला शोभतो.

आता फ्रेमचा हिशेब. इथं आपण फसतो, कारण दुकानदार एकदम एक आकडा सांगतो. तुम्ही विचारा, पट्टी फुटाला काय भाव? समजा फोटो 8 बाय 12 इंच. त्याच्याभोवती 2 इंचाचा जाड कागदाचा काठ, ज्याला माउंट म्हणतात, तो लावला की माप झालं 12 बाय 16. चारही बाजू मिळून 56 इंच. कोपरे तिरपे कापताना पट्टी वाया जाते. एक इंच रुंद पट्टीला साधारण 8 इंच धरा. झाले 64 इंच, म्हणजे 5 फूट 4 इंच. या मापानं पट्टीचे पैसे काढा, मग काच, माउंट, मागचा पुठ्ठा आणि मजुरी वेगवेगळी विचारा. माउंट हा नुसता शोभेचा नसतो. त्याच्यामुळं फोटो काचेला टेकत नाही. टेकला तर पावसाळ्याच्या ओलीत तो काचेलाच चिकटतो आणि सोडवताना फाटतो.

पैशाचं एक स्पष्ट बोलतो. भेटीसाठी गटाचं कर्ज काढू नका. कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, मुलीच्या फीला. भेट शिलकीतूनच. आमच्या ताईनं 500 रुपयांची रेघ आखली आहे आणि पट्टी साधी निवडून ती त्यात बसवते आहे.

भिंतीचंही पाहावं लागतं. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. चार दिवसांत पोपडा घेऊन खाली येतो. तिथं वरच्या लाकडाला दोरी बांधून फ्रेम सोडा आणि काचेऐवजी हलकं अॅक्रिलिक घ्या. विटांच्या भिंतीत भोक पाडून प्लॅस्टिकची गिट्टी ठोका, तिच्यात स्क्रू बसवा. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते आणि ओल लागत नाही. चुलीच्या धुराची भिंत नको, दुपारचं ऊन येतं ती भिंत नको, आणि झोपायच्या उशाशी जड फ्रेम तर नकोच नको.

उंचीचं असं आहे. उभ्यानं पाहायचं असेल तर चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर हवा. पण आपला माणूस दिवसभर खाटेवर बसत असेल, तर त्याच्या बसल्या नजरेच्या पातळीवर आणा. आपण भिंत उंच दिसली की छताजवळ खिळा ठोकतो आणि म्हाताऱ्या मानेला वर पाहायला लावतो. सोपी युक्ती सांगतो. फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापा, एक दिवस भिंतीला चिकटवून ठेवा आणि त्याच्या जागेवर स्वतः बसून पाहा. दारातल्या उजेडानं चकाकतं का, कपाटाआड जातं का, सगळं कळतं.

शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. फ्रेम बंद व्हायच्या आधी मागच्या बाजूला पुठ्ठ्यावर लिहून ठेवा: जागा कोणती, साल कोणतं, माणसं कोण. आपल्या घरांत कितीतरी फोटो असे आहेत, ज्यांतली माणसं आता कोणालाच ओळखू येत नाहीत.

आमच्या ताईनं यासाठी नातवाला कामाला लावलं. भेटीचं गुपित फुटू नये म्हणून त्यानं नुसतं विचारलं, “आबा, तुमच्या गँगमध्ये कोण कोण होतं?” आबा त्या रात्री जेवण थंड होईस्तोवर बोलत राहिले. सहाही नावं सांगितली, कोण कोणत्या गावचा, कोणाला पावा वाजवता यायचा, कोण उन्हात चक्कर येऊन पडला होता. सहातले दोघंच आता आहेत. एक हे, आणि एक मूर्तिजापूरकडे मुलाजवळ राहतात. ताईनं दाराआड उभं राहून सगळं लिहून घेतलं. ती आम्हाला म्हणाली, “पंधरा वर्षं झाली लग्नाले, यायनं एवढं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.”

आता तिनं फोटोच्या दोन प्रती काढायला दिल्या आहेत. दुसरी मूर्तिजापूरला जाणार आहे. पहिली जुन्या लुगड्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीमागं ठेवायचं ठरलं आहे. 25 तारखेला काय होतं ते आम्हालाही पाहायचं आहे. त्यांना आवडेल का, ते काय बोलतील, कोण सांगणार? पण या वेळी फ्रेम कपाटामागं जाणार नाही, एवढं आम्हाला वाटतं.

आणि मैत्रिणींनो, ही गोष्ट नाताळापुरती नाही. पोळा आहे, भीमजयंती आहे, ईद आहे, वडिलांचा निवृत्तीचा दिवस आहे. आज रात्री भाकरी वाढताना एवढंच करा. तो जुनी गोष्ट सांगायला लागला की मध्ये थांबवू नका. कोणाचं तरी नाव येईल, कुठलं तरी गाव येईल. ते लिहून ठेवा. फ्रेमचं पुढं पाहू.

भेटूया पुढच्या मंगळवारी. नाताळाच्या शुभेच्छा आणि नमस्कार.