मराठी ख्रिस्ती उपासनागीत : परंपरा, नवता आणि भाषेचा भार

ख्रिस्ती मंडळ्यांमधील संगीतविषयक वाद बहुधा ‘परंपरागत’ आणि ‘आधुनिक’ या दोन शब्दांत मांडला जातो. एका बाजूस ऑर्गनच्या साथीने गायिली जाणारी चार आवाजांची स्तोत्रे आणि दुसऱ्या बाजूस गिटार व ड्रम यांच्या साथीची आटोपशीर स्तुतिगीते. मराठी मंडळीचा इतिहास पाहिला असता ही विभागणी अपुरी ठरते. येथे परंपरा एक नसून अनेक आहेत.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले, ते ओवीबद्ध होते. पुढे १८१३ साली मुंबईत अमेरिकन मिशनचे कार्य सुरू झाले आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाश्चात्य चालींवर बेतलेली भाषांतरित गीते रूढ झाली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग व भजन उपासनेत आणले, तेव्हा नवता त्यांच्याकडे होती. आज तीच भजने ‘जुनी’ समजली जातात. ज्या पेटीवर ती गायिली जातात, ते वाद्यही मुळात युरोपीयच.

तेव्हा खरा भेद काळाचा नसून भाषा व चाल यांच्या संबंधाचा आहे. इंग्रजी स्तोत्राचा छंद आघातावर उभा असतो. ८-६-८-६ अशा अक्षरसंख्येच्या सर्वपरिचित रचनेत दुबळे व सबळ अक्षर आलटून पालटून येते आणि चालीतील ठोका सबळ अक्षरावर पडतो. मराठीत आघात अर्थभेदक नाही. पद्याचे वजन लघुगुरूवर किंवा अक्षरसंख्येवर ठरते. ‘कृपा’ हा शब्द इंग्रजी चालीत सहज बसतो, कारण त्यात लघूनंतर गुरू आहे. परंतु ‘करुणा’ हा शब्द त्याच चालीत घातल्यास ठोका मधल्या लघूवर पडून तो ताणला जातो आणि अंत्य ‘णा’ हा गुरू असूनही दुबळा होतो. शब्द कळतो, पण तो बोलल्यासारखा वाटत नाही.

अभंगात ही अडचण येत नाही. मोठ्या अभंगाच्या ६-६-६-४ या बांधणीत अक्षरे मोजली जातात आणि गाताना प्रत्येकास जवळजवळ सारखाच भार मिळतो. त्यामुळे कोणतेही अक्षर दुसऱ्याच्या तुलनेने दडपले जात नाही. शिवाय एक गातो व बाकीचे ध्रुपद उचलतात. म्हणून अक्षरओळख नसलेल्यासही उपासनेत पूर्ण वाटा मिळतो. चार आवाजांच्या गायनासाठी मात्र तालीम व बहुधा स्वरलेखनाचे ज्ञान लागते.

या दृष्टीने आधुनिक स्तुतिगीताचे स्वरूप दुहेरी आहे. त्याचे पुनरावृत्त ध्रुपद भजनाच्या जवळ जाते आणि तरुणांस सामावून घेते. पण इंग्रजी गीताची चाल आधी आणि मराठी शब्द मागाहून, असा क्रम राहिला, तर एकोणिसाव्या शतकातील भाषांतराचाच दोष गिटारच्या साथीने परत येतो. उलट मराठीतच सुचलेले गीत नव्या वाद्यांवरही निर्दोष उतरू शकते.

म्हणून मंडळीने वाद्याचे वय विचारण्यापेक्षा शेवटच्या बाकावरील वृद्धेस आपल्या प्रार्थनेतील शब्द आपल्याच भाषेचे वाटतात काय, हे पाहणे अधिक युक्त होय.