महाविद्यालयीन खेळाडूंचा मोबदला
महाविद्यालयाच्या वा विद्यापीठाच्या वतीने स्पर्धांत उतरणाऱ्या विद्यार्थ्यास त्याबद्दल मिळणारे वेतन, शिष्यवृत्ती, निर्वाहभत्ता वा अन्य आर्थिक लाभ. हा मोबदला कोणी द्यावा व केव्हा द्यावा, हे या विषयातील दोन मूलभूत प्रश्न होत.

अमेरिकेत वाद मुख्यतः पहिल्या प्रश्नाचा आहे. तेथे महाविद्यालयीन फुटबॉल व बास्केटबॉल यांच्या प्रक्षेपणहक्कांपासून प्रचंड उत्पन्न होते. तथापि ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ या संघटनेने हौशीपणाच्या तत्त्वावर खेळाडूंना वेतन देण्यास दीर्घकाळ मनाई केली होती. आर्थिक दृष्ट्या हा खरेदीदारांचा संघ होय. त्यामुळे मोबदला स्पर्धात्मक पातळीखाली राहतो आणि शिल्लक उत्पन्न प्रशिक्षकांचे वेतन, क्रीडागारे इत्यादींकडे वळते. ‘ऑल्स्टन’ खटल्यात (२०२१) तेथील सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील बंधने मक्तेदारीविरोधी कायद्याशी विसंगत ठरविली. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा यांच्या व्यापारी वापराची मुभा मिळाली. २०२५ मध्ये न्यायालयाने संमत केलेल्या ‘हाउस’ तडजोडीनुसार प्रत्येक संस्थेस पहिल्या वर्षी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देता येते.

महाराष्ट्रात आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना असे उत्पन्न जवळजवळ नाही. म्हणून वाटणीचा वाद उद्भवत नाही. येथे दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. जत्रेतील कुस्तीचे इनाम व शासकीय सेवांतील ५ टक्के खेळाडू-आरक्षण हे लाभ यशानंतर मिळतात. खुराक, प्रशिक्षण व प्रवास यांचा खर्च मात्र यशापूर्वी करावा लागतो. हेल्सिंकी ऑलिंपिकमध्ये (१९५२) कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. जाधवांना पोलीस दलात नोकरी मिळाली, ती १९५५ मध्ये.

बीड जिल्ह्यातील दोन उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट होतो. पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे यांना आंतरराष्ट्रीय यशानंतर राज्य पोलीस सेवेत उपअधीक्षकपद मिळाले. मांडवा (ता. आष्टी) येथील अविनाश साबळे मात्र बारावीनंतर सैन्यात दाखल झाले व नियमित वेतन मिळू लागल्यानंतर धावपटू म्हणून घडले; हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत (२०२३) त्यांनी ३,००० मी. स्टीपलचेस शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. दोघांसही मोबदला महाविद्यालयाकडून नव्हे, तर सरकारी सेवेतून मिळाला.

‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूंस दरमहा १०,००० रुपये भत्ता मिळतो. तो उमेदवारीच्या काळातच मिळत असल्याने त्याचे महत्त्व विशेष आहे. निवडीबाहेर राहिलेल्यांचा खर्च कुटुंबावरच पडतो. कोरडवाहू शेती व ऊसतोडणी यांवर जगणाऱ्या घरांना तो पेलत नाही. परिणामी गुणवान खेळाडू स्पर्धेपूर्वीच गळतो. यशानंतरच्या पारितोषिकापेक्षा यशापूर्वीचा अल्प पण निश्चित भत्ता अधिक परिणामकारक ठरतो, तो यामुळेच.