आग्वादच्या कोठडीपाशी

मुंबईहून निघालेले पर्यटनाचे जहाज गोव्यात मुरगाव बंदराला लागले की प्रवाशांच्या हाती अवघे काही तास असतात. ते देवळे, चर्च, समुद्रकिनारा आणि खरेदी यांतच सरतात. शहापूर-मुरबाडकडून हौसेने अशा सफरीवर जाणाऱ्यांनी त्यांतील दोन तास आग्वादच्या जुन्या तुरुंगासाठी राखून ठेवावेत, असे सुचवावेसे वाटते.

मांडवीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये हा किल्ला उभारला. पुढे सालाझारच्या राजवटीत येथील तुरुंगात राजबंदी कोंडले गेले. १९४६ च्या सप्टेंबरात गोव्यात पुन्हा शिरलेल्या डॉ. राममनोहर लोहियांना येथेच ठेवण्यात आले. १९५५ च्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून गेलेले नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये आणि मधु लिमये यांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. १९५७ च्या फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली. मोहन रानडे यांच्या नशिबी तेही नव्हते. येथून त्यांना लिस्बनजवळच्या तुरुंगात नेण्यात आले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. रानडे मुक्त झाले ते १९६९ मध्ये!

डिसेंबर २०२१ पासून हा तुरुंग संग्रहालय म्हणून खुला आहे. समुद्राचा वारा सुखद, परिसर नेटका. परंतु दार उघडे असलेली कोठडी ही खऱ्या अर्थाने कोठडी नव्हेच. आत डोकावून, छायाचित्र काढून आपण पुढे जातो आणि जुलमी परकीय गेले, तुरुंगाचे संग्रहालय झाले, गोष्ट संपली, असे समाधान मानतो. हे समाधान फसवे आहे. ज्या मधु लिमये यांना पोर्तुगिजांनी डांबले, त्यांनाच आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, स्वतंत्र भारताच्या सरकारने मध्य प्रदेशातील तुरुंगात स्थानबद्ध केले. राज्यकर्ते स्वकीय झाल्याने तुरुंगाचा मोह सुटतोच, असे नव्हे.

हा विषय आपल्या उंबरठ्यापासूनही दूर नाही. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांना कोठडीही लाभली नाही. ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आले. तो तुरुंग मात्र आजही तुरुंगच आहे. खेड्यापाड्यातला माणूस तेथे पर्यटक म्हणून जात नाही. जातो तो आत असलेल्या मुलाची वा भावाची भेट मागायला. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील सुमारे तीन चतुर्थांश बंदी हे खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदी होते. हे सारे राजबंदी नव्हेत, हे खरे. पण दोष सिद्ध होण्यापूर्वी माणसाला किती काळ कोंडावे, हा प्रश्न दोघांच्याही बाबतीत एकच आहे.

आग्वादच्या भेटीतून एवढा प्रश्न जरी मनात घेऊन प्रवासी जहाजावर परतला, तरी त्या कोठड्यांत काढलेली वर्षे वाया गेली नाहीत असे म्हणता येईल. हुतात्म्यांपुढे हात जोडणे सोपे आहे. बंद दाराआडच्या अनोळखी माणसाची विचारपूस करणे कठीण, आणि लोकशाहीची कसोटी लागते ती तिथेच.